टिकलेले सारेच निर्धोक नसते



मृगाचा पहिला पाऊस पडला की चंद्रपूर-गडचिरोलीकडील घरांत उन्हाळ्याची कमाई माळ्यावरून खाली उतरू लागते. वाळविलेली मोहफुले, मुगवड्या, कुरडया, पापड, सुकी मासळी, कैरीच्या लोणच्याची बरणी. शहरातील घरांत हा हौसेचा भाग असेल, परंतु जंगलभागात ती गरज आहे. भामरागडला पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की रस्ता तुटतो आणि तालुक्यातील गावे कधी दिवसच्या दिवस बाहेरच्या जगापासून वेगळी पडतात. अशा दिवसांत घरात जे साठविलेले असेल, त्यावरच चूल पेटते. म्हणून साठवण करणाऱ्या हातांविषयी मनात आदर बाळगूनच आजचा विषय मांडतो.

गेल्या उन्हाळ्यात सिंदेवाही तालुक्यातील माझ्या मावशीला एका सकाळी अचानक उलट्या सुरू झाल्या. तिचे वय ७९. रक्तदाबाची गोळी रोजची. दुपारपर्यंत तिला उभे राहता येईना, जीभ कोरडी पडली, बोलण्यात असंबद्धता आली. दवाखान्यात नेऊन शिरेतून पाणी द्यावे लागले. तिसऱ्या दिवशी ती सावरली. आदल्या दुपारी शिजविलेला भात तिने डब्यात झाकून ठेवला होता आणि सकाळी तोच खाल्ला होता. शुद्धीवर आल्यावर तिने मला विचारले, "साठ वर्षं झाली, बासी भात खाऊनच उठतो आम्ही. आताच काऊन बाधला?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यापैकी अनेकांच्या मनात तो असतो आणि सुना-मुलींनी "शिळे खाऊ नका" असे नुसते बजावल्याने त्याचे उत्तर मिळत नाही. ते मिळवायचे असेल, तर अन्न टिकविण्याच्या निरनिराळ्या रीती जंतूंचे नेमके काय करतात, हे पाहावे लागेल.

टिकविणे म्हणजे मारणे नव्हे

आपला एक मोठा गैरसमज आहे. जे नासले नाही, ज्याला वास आला नाही, ते निर्धोक, असे आपण धरून चालतो. वास्तविक अन्न नासविणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू हे पुष्कळदा निरनिराळे असतात. नासविणारे जंतू वास आणतात, बुळबुळीतपणा आणतात, चव बिघडवितात. एका परीने ते आपल्याला सावध करतात. आजार आणणारे जंतू मात्र अन्नाचा रंग, वास वा चव न बदलता त्यात वाढू शकतात.

जंतूला वाढण्यासाठी पाणी लागते, ऊब लागते, फार आंबट वा फार खारट नसलेले अन्न लागते आणि वेळ लागतो. अन्न टिकविण्याच्या आपल्या साऱ्या जुन्या रीती यांपैकी एखादी गोष्ट काढून घेतात. वाळवणात आपण पाणी काढून घेतो. मिठाने व साखरेने पाणी असूनही ते जंतूला वापरता येत नाही. लिंबू, चिंच, ताक यांनी आंबटपणा वाढतो. फ्रिजने ऊब नाहीशी होते. यामुळे जंतूंची वाढ थांबते. ते मरतातच असे नाही. पुष्कळसे नुसते थांबून राहतात आणि काढून घेतलेली गोष्ट परत मिळाली की पुन्हा वाढू लागतात.

खऱ्या अर्थाने जंतू मारते ती पुरेशी उष्णता. अन्नाच्या आतपर्यंत वाफाळती उष्णता पोहोचली, तर बहुतेक जंतू मरतात. परंतु येथेही एक अपवाद लक्षात ठेवावा. काही जंतू संकट आले की स्वतःभोवती कवच तयार करून बीजाणूच्या रूपात जातात. उकळते पाणी या बीजाणूंना पुरे पडत नाही. प्रेशर कुकरसारख्या दाबाखालील उष्णतेनेच त्यांचा नाश होतो आणि तोही पुरेसा वेळ दिला तरच.

एवढी गोष्ट ध्यानात आली की घरातील एकेक डबा नव्या नजरेने पाहता येतो.

भाताचा डबा

प्रथम मावशीच्या प्रश्नाकडे वळू. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू सहसा असतातच. हा जंतू मूळचा मातीतला. भात शिजताना ते मरत नाहीत. भात गरम असताना झाकला आणि तसाच ओट्यावर राहिला, तर तो तासन्‌तास कोमट राहतो. या कोमट ओलाव्यात बीजाणू उघडतात, जंतू वाढतात आणि त्यांपैकी काही जाती उलटी घडविणारे विष तयार करतात. असा भात खाल्ल्यावर साधारण एक ते पाच तासांत उलट्या सुरू होतात. हे विष इतके चिवट असते की भात पुन्हा फोडणीला टाकला, वाफविला, तरी ते नष्ट होत नाही. "चांगला गरम करून खाल्ला होता" हे म्हणणे म्हणूनच येथे उपयोगी पडत नाही.

मग साठ वर्षे काही झाले नाही, ते कसे? जुन्या रीतीत रात्रीच्या भातात पाणी वा ताक घातले जाई आणि तो मातीच्या भांड्यात ठेवला जाई. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपे, भात लवकर निवे. ताकातील उपकारक जंतू आंबटपणा वाढवीत आणि आंबट झालेल्या भातात अपायकारक जंतूंना वाढायला वाव कमी उरे. पेज, आंबील यांचे शहाणपणही आंबटपणातच आहे. आता मडके गेले, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आला. ताक घालण्याचे राहून गेले. झाडीपट्टीतल्या त्या घरी दुपारचे तापमान ४४-४५ अंश होते आणि स्वयंपाकघर रात्रीही निवले नव्हते. सवय तीच राहिली, पण सवयीभोवतीचे सारे बदलले. शिवाय खाणाऱ्याचे शरीरही बदलले. त्याविषयी पुढे सांगतो.

भाताविषयी नियम सोपा आहे. शिजविलेला भात दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर ठेवू नये. हवा ३२ अंशांहून अधिक तापलेली असेल तर एक तासही पुरे. आपल्याकडे मार्च ते जून हा एक तासाचाच हंगाम समजावा. उरलेला भात परातीत पातळ पसरावा, म्हणजे लवकर निवतो. मग उथळ भांड्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. एकदाच गरम करावा. वारंवार गरम करून वारंवार बाहेर ठेवणे हे सर्वांत वाईट. फ्रिज नसेल, तर उरेल इतका भात न शिजविणे हाच खरा उपाय.

वाळवणाचे डबे

वाळवण ही आपल्याकडील सर्वांत विश्वासू रीत. चांदा भागातील मे महिन्याचे ऊन असे की सकाळी घातलेली वडी संध्याकाळी खडखडीत होते. परंतु उन्हाने जंतू मेले, असे मात्र समजू नये. ऊन पाणी काढून घेते; वरवरचे काही जंतू मारतेही. साल्मोनेलासारखा जंतू मात्र कोरड्या पदार्थात महिनोन्‌महिने तग धरू शकतो आणि कोरड्या अवस्थेत तो उष्णतेलाही लवकर दाद देत नाही. म्हणजे वाळवणावर माश्या बसल्या, कोंबडी चालून गेली, अस्वच्छ हात लागला, तर ती घाण वडीबरोबर बरणीत जाते आणि तेथे थांबून राहते. वडी भिजविली की तिला पाणी परत मिळते.

यावरून तीन गोष्टी निघतात. पहिली, वाळवण जमिनीवर न घालता खाटेवर, स्वच्छ कापडावर, वर जाळीचे वा पातळ कापड टाकून घालावे. दुसरी, वड्या वा सुकी मासळी भिजत घातली, तर ती लागेल तेवढाच वेळ भिजवावी. सकाळी भिजत घालून संध्याकाळी शिजविणे टाळावे. तिसरी, भिजविल्यावर ती चांगली उकळी आणून शिजवावी. सुकी मासळी तव्यावर नुसती परतून ताटात वाढण्याची पुष्कळांना सवय असते. घरातील वयस्कर माणसासाठी ती धुऊन, रश्श्यात उकळून द्यावी. धुण्याने मीठही कमी होते, हा दुसरा लाभ.

पावसाळ्यात एक वेगळे संकट येते. हवेतील दमटपणा डब्यात शिरतो आणि वाळवणाला बुरशी धरते. शेंगदाणे, मिरच्या, मोहफुले, कडधान्ये यांवर बुरशी दिसली की वरचा भाग झटकून उरलेले वापरण्याचा मोह होतो. तसे करू नये. काही बुरशी यकृताला अपाय करणारे विष तयार करतात आणि ते झटकल्याने जात नाही, शिजविल्यानेही पुरते जात नाही. डब्यात ओला हात वा ओला चमचा घालू नये. मोठ्या डब्यातील माल लहान डब्यांत वाटून ठेवावा, म्हणजे एक डबा बिघडला तरी सगळे वर्ष वाया जात नाही.

वास्त्यांची गोष्ट

आपल्या जंगलातील पावसाळी मेवा म्हणजे वास्ते, बांबूचे कोवळे कोंब. आठवडी बाजारात त्यांचे ढीग लागतात. वास्ते कच्चे खात नाहीत, हे आपल्या आजीपणजीला ठाऊक होते. त्यांत सायनाइड सोडणारे द्रव्य असते. बारीक चिरून, उकळून, ते पाणी फेकून दिल्यावर ते निघून जाते. ही रीत आजही मोडू नये.

परंतु वास्ते टिकविताना जो धोका उद्‌भवतो, तो वेगळा आहे आणि त्याचे उदाहरण दूरच्या, पण आपल्यासारख्याच एका डोंगराळ बांबूच्या मुलखात घडले. थायलंडच्या उत्तरेस नान नावाचा प्रांत आहे. मार्च २००६ मध्ये तेथील एका ग्रामीण भागातील उत्सवात घरगुती पद्धतीने पत्र्याच्या डब्यांत बंद केलेले बांबूचे कोंब वाढले गेले. २०९ माणसे आजारी पडली. त्यांपैकी ४२ जणांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले. विषावरील उतारा परदेशांतून मागवावा लागला. तत्पर उपचारांमुळे सारे वाचले, परंतु तेथील रुग्णालयांची किती धावपळ झाली असेल, याची कल्पना करावी.

या विषबाधेचे नाव बोटुलिझम. ती घडविणारा क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जंतूही मातीतलाच. त्याचे बीजाणू उकळण्याने मरत नाहीत आणि त्याला हवा नको असते. हवाबंद डबा, ओलावा, पुरेसा आंबटपणा नाही आणि बाहेरची ऊब, ही चारही जेथे एकत्र येतात, तेथे तो वाढतो. नानमधील डबे उकळले होते. परंतु बीजाणू मारण्याइतकी उष्णता मिळाली नव्हती आणि वाढ रोखण्याइतका आंबटपणाही नव्हता. डबा जितका घट्ट बंद, तितका सुरक्षित, हा आपला समज येथे उलटा पडतो.

म्हणून वास्ते टिकवायचे असतील, तर उकळून, पाणी टाकून, वाळवून ठेवावेत. किंवा मीठ आणि लिंबू वा व्हिनेगर भरपूर घालून आंबट लोणचे करावे. नुसत्या पाण्यात वा सौम्य मिठाच्या पाण्यात बुडवून बाटली हवाबंद करून फडताळात ठेवू नये. हीच गोष्ट तेलात बुडविलेल्या लसणाची. लसूण जमिनीखाली वाढतो, त्यावर मातीतील बीजाणू असतात आणि तेल हवा तोडते. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे तेलातील लसणामुळे अशीच विषबाधा झाली होती. लसणाचे लोणचे करावे, परंतु त्यात लिंबाचा रस वा व्हिनेगर हवेच. नुसत्या तेलातील लसूण थोडाच करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा.

या विषबाधेची लक्षणे जुलाब-उलटीपेक्षा वेगळी असतात. साधारण अर्ध्या ते दीड दिवसात दृष्टी दुहेरी होते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही, हातपाय गळून जातात. वयस्कर माणसात हे पाहून घरच्यांना पक्षाघाताचा झटका वाटतो. दोन्हीही तातडीचेच आजार आहेत. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि आदल्या दोन दिवसांत हवाबंद डब्यातील वा बाटलीतील काही खाल्ले होते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. घरात आणखी कोणाला तसेच होत असेल, तर तेही सांगावे.

मधाची बाटली

याच बीजाणूंमुळे आजी-आजोबांना एक कळकळीची विनंती करावीशी वाटते. आपल्याकडे जंगलचा मध मिळतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. त्यातील साखर इतकी दाट असते की कोणताही जंतू त्यात वाढू शकत नाही. परंतु बोटुलिझमचे बीजाणू मधात निपचित राहू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही. एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजू शकतात, विष तयार करतात आणि बाळ लुळे पडू लागते. नातवंडाच्या जिभेला मध चाटविण्याची रीत प्रेमाची आहे. तरीही बाळ वर्षाचे होईपर्यंत ती थांबवावी. मध शुद्ध आहे की भेसळीचा, याचा येथे संबंध नाही. शुद्ध मधातही बीजाणू असू शकतात. मध तापविला तरी ते जात नाहीत.

लोणच्याची बरणी आणि रक्तदाब

जुन्या रीतीच्या कैरीच्या लोणच्यात किलोभर फोडींना दीड-दोनशे ग्रॅम मीठ पडते. एवढे मीठ आणि कैरीचा आंबटपणा मिळून जंतूंची वाढ होऊ देत नाहीत. वर तरंगणारे तेल हवा आणि बुरशी दूर ठेवते. ते स्वतः जंतू मारत नाही. म्हणून फोडी तेलाखाली बुडालेल्या असाव्यात आणि बरणीत कोरडा चमचाच जावा.

आता घरात कोणाला रक्तदाब निघाला की सून प्रेमापोटी "कमी मिठाचे" लोणचे घालते आणि ते जुन्या लोणच्यासारखेच फडताळात वर्षभर ठेवते. येथे चूक होते. मीठ चवीपुरते उरले की बरणीचा राखणदारच काढून घेतल्यासारखे होते. कमी मिठाचे लोणचे ही ताजी चटणी समजावी: लहान वाटीभर करावे, लिंबू पिळावे, फ्रिजमध्ये ठेवावे, आठवडाभरात संपवावे. याहून सोपा मार्ग म्हणजे लोणचे जुन्याच प्रमाणाने घालावे आणि ताटात कमी वाढावे. दिवसाकाठी सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणच्याच्या १० ग्रॅमच्या एका फोडीत त्यातील एक ग्रॅमहून अधिक जाऊ शकते. म्हणून रोज एक फोड खाण्यापेक्षा सणावाराला एक लहान फोड खावी. पापड आणि सुकी मासळी यांनाही हाच हिशेब लावावा.

फ्रिज: वेळ वाढवून देणारा

फ्रिजमध्ये जंतू मरत नाहीत. त्यांचा वेग मंदावतो, एवढेच. बर्फाच्या कप्प्यातही बहुतेक जंतू जिवंत राहतात आणि मांस वितळू लागले की पुन्हा वाढू लागतात. फ्रिजचे आतील तापमान ५ अंशांखाली असावे. लिस्टेरिया नावाचा एक जंतू तर फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो आणि वयस्करांना तो अधिक बाधतो. त्यामुळे शिजविलेले अन्न फ्रिजमध्येही दोन, फार तर तीन दिवसांपलीकडे ठेवू नये. कापलेली फळे, उघडलेले पनीर यांनाही हेच लागू.

आपल्याकडे वादळवाऱ्यात वीज जाते आणि तासन्‌तास येत नाही. दार उघडले नाही, तर फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. त्याहून अधिक वेळ वीज नसेल, तर दूध, शिजविलेला भात, वरण, मांस, मासे यांचा मोह धरू नये. लोणचे, लिंबे, तूप यांना काही होत नाही. वीज आल्यावर डबा पुन्हा थंड लागतो आणि आपण फसतो. मधल्या काळात काय झाले, हे स्पर्शाने कळत नाही.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. पाहुण्यांनी घर भरते, रात्रभर नाटक चालते आणि संध्याकाळी शिजविलेला रस्सा नाटकावरून परतलेल्यांसाठी चुलीपाशी कोमट ठेवलेला असतो. कोमट हीच सर्वांत धोक्याची अवस्था. ५ ते ६० अंश हा जंतूंचा सुकाळ. अन्न एक तर हात लावता येणार नाही इतके गरम ठेवावे, नाही तर लवकर निववून थंड करावे.

वय झाले म्हणजे नेमके काय बदलते?

मावशीच्या प्रश्नाचा अर्धा भाग येथे आहे. तरुण माणसाच्या जठरातील आम्ल पुष्कळसे जंतू वाटेतच मारते. वय वाढले की काहींच्या जठरात हे आम्ल कमी होते. त्यात ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल, तर हा पहारा आणखी सैल पडतो. रोगप्रतिकारशक्ती मंदावते. नाकाचा तिखटपणा जातो. दूध नासल्याचा वास सुनेला येतो, आजीला येत नाही. दृष्टी अधू झाल्याने बुरशीचा ठिपका दिसत नाही. तहान कमी लागते, त्यामुळे दोन-चार उलट्या-जुलाबांतच शरीर कोरडे पडते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवितात, मग पाणी आणखी उतरते. ज्या भाताने नातवाचे पोट नुसते दुखेल, त्याच भाताने आजीला दवाखाना गाठावा लागतो.

उलट्या-जुलाब सुरू झाले, तर मीठ-साखरेचे पाणी लगेच सुरू करावे. ओआरएसचे पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. घोटघोट, पण सतत द्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर किती द्यावे हे डॉक्टरांना फोनवर तरी विचारावे. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या त्या दिवशी घ्याव्यात की नाहीत, हेही त्यांनाच विचारावे. लघवी होत नाही, गुंगी येते, बोलणे असंबद्ध होते, शौचात रक्त पडते, ताप चढतो, वा पाणीही पोटात ठरत नाही, यांपैकी एकही दिसले तर घरी थांबू नये.

टाकून देण्याचे दुःख

काळजी घेणाऱ्यांसाठी शेवटी थोडे. ज्या पिढीने रेशनच्या रांगा पाहिल्या, भाताची शिते वेचून खाल्ली, त्या पिढीला अन्न फेकणे पाप वाटते. तुम्ही डबा उपडा करून फेकलात, तर पुढचा डबा ती तुमच्यापासून लपवील. म्हणून आधी कमी शिजवावे. डब्यावर कागदाची पट्टी लावून मोठ्या अक्षरांत दिवस लिहावा: "सोमवार रात्र". वाढताना आजी-आजोबांना ताजे द्यावे आणि उरलेले घरातील तरुणांनी त्याच दिवशी संपवावे. ज्येष्ठ स्वतःहून उलटे करतात, हे पाहून थांबवावे. आणि नियम सांगताना कारणही सांगावे. साठ वर्षे घर चालविलेल्या बाईला कारण कळते. तिला नुसता हुकूम आवडत नाही.

मावशीला आम्ही हे सारे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. आता रात्रीचा भात ती परातीत पसरते, निवला की त्यात ताक घालते आणि भांडे फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी तिचा बासी भात तिला मिळतो. वीज गेलेल्या रात्रीनंतरचा भात मात्र ती खात नाही. सकाळी ज्वारीची भाकर टाकते.

या पंधरवड्यात एक दिवस काढून आपल्या घरचे डबे आपणही उघडून पाहावेत. कोणता कोरडा आहे, कोणाला बुरशी धरली आहे, कोणती बाटली हवाबंद होऊन कितीतरी दिवस तशीच पडली आहे, ते एकेक तपासावे. शक्य तर हे काम घरातील ज्येष्ठांना बरोबर घेऊन करावे. कोणत्या बरणीत काय आणि केव्हाचे आहे, हे पुष्कळदा त्यांनाच ठाऊक असते.